चौकीपाशी अडणारा ट्रॅक्टर

शत्रुघ्न भोईरला पाड्यावर पुऱ्या नावाने हाक मारणारं माणूस उरलं नव्हतं. वडीलधारी त्याला शत्रू म्हणत, बाकीचे शत्रूदादा म्हणत, आणि पाठीमागे सगळे एकमताने 'बुजव्या' म्हणत. पाठीमागे म्हणजे फार लांब नव्हे. त्याला ऐकू जाईल इतपतच.

नाव काही उगीच पडलेलं नव्हतं. कामणच्या रस्त्यावरून खाडीच्या अंगाला उतरलं की हा पाडा लागतो. इथली भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मध्ये एक मातीचा बांध, अलीकडे भात, पलीकडे खाडी. ज्याचं शेत बांधाला टेकतं त्याने तेवढा बांध राखायचा, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. भोईरांच्या वाट्याला नेमका सगळ्यात वाकडा तुकडा आलेला. त्यात चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, बिळं करायच्या. बोटभर बिळातून आधी पाणी पाझरतं, मग धार लागते, मग एखाद्या उधाणाला बांधाला खांड पडते, म्हणजे बांध फुटून खाडीला आत यायची वाटच होते. खारं पाणी एकदा शेतात बसलं की दोन-तीन वर्षं तिथे भात धरत नाही. त्यामुळे शत्रुघ्न चालायला शिकला तो बांधावर, आणि बापाने त्याच्या हातात खेळणं दिलं ते चिखलाच्या गोळ्याचं. भोक दिसलं की बुजव.

त्याने जन्मभर तेच केलं. बांधाची बिळं बुजवली, होडीच्या फटी बुजवल्या, घरातली उंदरांची बिळं बुजवली. मुलगा कल्पेश फुलपाड्यात फ्लॅट घेऊन राहायला गेला तेव्हा हा दोन दिवस पाहुणा म्हणून गेला. हात धुवायच्या बेसिनला वरच्या काठाखाली एक भोक दिसलं. बिल्डरने फसवलं म्हणून त्याने पोराचा राग राग केला आणि पांढरं सिमेंट आणून भोक बुजवून टाकलं. आठवड्याने बेसिन तुंबलेलं असताना नळ उघडा राहिला, आणि जादा पाणी जायची वाट तर बुजलेली. पाणी बेसिनमधून हॉलमध्ये आणि हॉलमधून खालच्या मजल्यावरच्या देवघरात. सून ज्ञानदा मोठी सोशीक. सासऱ्याला तोंडावर एक शब्द बोलली नाही. सासूला, म्हणजे रंभाला, फोनवर काय बोलली ते मात्र अख्ख्या पाड्याला पाठ आहे, कारण फोन किराणा दुकानात होता आणि रंभा ऐकलेलं प्रत्येक वाक्य "काय म्हणतेस!" म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणायची.

तर असा हा माणूस, आणि त्याचा तो ट्रॅक्टर. वसईतल्या एका वाडीवाल्याकडून जुनाच घेतलेला, तांबडा रंग उडून विटकरी झालेला, सीटखाली गोणपाट. रंभा म्हणायची, "मना कधी एवढा पुसला नाय, जेवढा याला पुसतान."

नवं सहस्रक लागून एखाद वर्ष झालं असेल. चैत्र संपत आलेला. एका रविवारी सकाळी शत्रुघ्न बांधावर गेला तर त्याच्या तुकड्यात दोन हात रुंदीची खांड पडली होती. खाडीतून रेतीच्या बोटी जातात, त्यांच्या लाटांनी बांध खालून पोखरला होता. भांग, म्हणजे लहान भरतीचे दिवस होते म्हणून पाणी अजून लांब होतं. पण गुरुवारी अमावास्या. भर दुपारचं उधाण त्या खांडीतून आत आलं असतं, तर एकट्या शत्रुघ्नचं नव्हे, मागची साऱ्या पाड्याची भातशेतं खारी झाली असती. आणि पुढची शंभर वर्षं लोकांनी सांगितलं असतं, बुजव्याच्याच बांधाला भोक पडलं.

भराव घालायचा तर माती आणायची डोंगराच्या पायथ्यापासून. वाट शेतांमधल्या आडबांधावरून, जेमतेम ट्रॅक्टर जाईल एवढी. गोदामांचे ट्रक तिथे उतरत नाहीत. पाड्यावरचा दुसरा ट्रॅक्टर भिवंडीकडच्या कामावर गेलेला. बैल केव्हाच विकले गेलेले. उरला हाच.

सोमवारी सकाळी शत्रुघ्नने पायथ्याशी त्या उन्हाळ्यातली पहिलीच ओझ्याची ट्रॉली भरून घेतली. टाकीचं झाकण उघडलं, बांबूची काडी आत घालून डिझेल पाहिलं, झाकण घट्ट आवळलं आणि निघाला. हे काडी घालून पाहणं त्याचं नेमाचं. ट्रॅक्टरवरचा काटा कधीच मेलेला. अर्ध्याहून जास्त वाट छान गेली. मग मिठागराची जुनी चौकी आली. छप्पर गेलेल्या, चार भिंतींच्या त्या चौकीसमोर ट्रॅक्टरचा आवाज बारीक झाला, दोन उचक्या लागल्या आणि इंजिन बंद.

त्याने झाकण उघडून काडी घातली. डिझेल अर्ध्याच्या वर. मग बॉनेटखाली वाकून फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला, हातपंप मारला, फेस फेस आला, फेस थांबून नुसतं डिझेल आलं तसा स्क्रू आवळला. लाइनीत हवा धरली की असंच करायचं, हे त्याला वसईच्या जेम्स मिस्त्रीने शिकवलेलं. बटण मारलं. चालू! माती टाकून आला. दुसरी खेप भरली, काडी घातली, निघाला. चौकीसमोर पुन्हा दोन उचक्या आणि बंद. तिसऱ्या खेपेलाही तिथेच. दिवसभरात चार खेपा झाल्या. व्हायला हव्या होत्या बारा.

संध्याकाळी ओटीवर कृष्णाबाई येऊन बसली. ही शेजारीण, वय सत्तरीच्या पुढे, दात दोन, पण बातमी चघळायला तेवढे पुरतात.

"चौकीसमोरच बंद परतो ना रं?" तिने विचारलं.

"तिथंच, काकी."

"तो शिपाई हाय."

"कोन शिपाई?"

"गोऱ्या साहेबाच्या वेलचा. मिठाच्या गाड्या थांबवून तपासायचा. चोरून मीठ नेतान का बघायचा. मेला तरी डूटी सोरली नाय त्यानं. तुजी ट्रॉली भरलेली दिसली का हात करतो."

"मग रिकामी येते तवा कसा नाय थांबवत?"

"रिकामी गारी कशाला तपासंल? शिपाई होता तो, येरा नव्हता."

शत्रुघ्न देवभोळा नव्हता. पण रिकामा ट्रॅक्टर खरंच कधी अडत नव्हता. त्याने डोकं खाजवलं. रंभा आतून म्हणाली, "नारल देऊन टाका. नाय लागू परला तर खोबरा तरी आपला."

मंगळवारी पहिल्या खेपेला ट्रॅक्टर चौकीसमोर अडला. कृष्णाबाई नारळ आणि विडीचं बंडल घेऊन आधीच हजर. शत्रुघ्नने काडी घालून डिझेल पाहिलं, हवा काढली, नारळ फोडला, दगडावर एक विडी पेटवून ठेवली, बटण मारलं. चालू! थेट बांधापर्यंत गेला.

"पावला गो बाय!" कृष्णाबाईने सगळ्या शेताला ऐकू जाईल असं सांगितलं.

दुसऱ्या खेपेला तिथेच बंद. आता कृष्णाबाईवर सगळ्यांचे डोळे.

"एका नारलात एकच खेप," ती जराही न डगमगता म्हणाली. "सरकारी मानूस हाय."

हा सगळा तमाशा शांतारामभाऊ पाहत होते. फोर्टातल्या कचेरीत छत्तीस वर्षं नोकरी करून ते निवृत्त झाले आणि पाड्याच्या टोकाला बंगली बांधून राहिले. अर्धी चड्डी घालून सकाळी फिरतात आणि दिसेल त्याला सल्ला देतात. पाड्यावर त्यांना सगळे 'साहेब' म्हणतात, आणि म्हणताना एकमेकांकडे बघतात.

"शत्रुघ्नराव, शिपाई वगैरे काही नाही. तुमच्या डिझेलमध्ये भेसळ आहे. रॉकेल. पेपरात रोज येतंय. टाकी रिकामी करा."

पुढच्या खेपेला पायथ्याशीच टाकी रिकामी केली. शांतारामभाऊंनी स्वतःच्या स्कूटरवरून दुसऱ्या पंपावरचं डिझेल कॅनमधून आणलं. ते ओतलं, हवा काढली, बटण मारलं. शांतारामभाऊ हाताची घडी घालून बघत होते. ट्रॅक्टर सुटला, तो झकास सुटला. भाऊंनी कृष्णाबाईकडे बघून मान डोलावली. ट्रॅक्टर चौकीसमोर आला, दोन उचक्या लागल्या आणि बंद.

"नव्या डिझेलात पण रॉकेल?" कृष्णाबाईने विचारलं. साधंच विचारलं हो, पण भाऊंचे कान लाल झाले.

मग शत्रुघ्नने स्वतःचं डोकं चालवलं. शिपाई असो वा नसो, त्या चौकीवरून जायचंच नाही. त्याने पुढची खेप लांबच्या वाटेने, पाड्याला वळसा घालून नेली. चौकी डाव्या हाताला दूर राहिली. त्याला हायसं वाटलं. तोंडाने शीळसुद्धा घातली म्हणतात. आणि बरोबर शांतारामभाऊंच्या फाटकासमोर ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीमागून लोक चालत आले. 

"बदली झाली त्याची," कृष्णाबाई म्हणाली.

लोक हसले. शत्रुघ्नला हसू आलं नाही. सूर्य खाली गेला होता, बांधावरची खांड अजून तोंड वासून होती, आणि त्याला आता स्वतःच्या ट्रॅक्टरची भीती वाटायला लागली होती. नारळाने चालतो आणि थांबतो. नव्या डिझेलने चालतो आणि थांबतो. हवा काढली की चालतो आणि थांबतो. जे करावं ते लागू पडतं, आणि काहीच लागू पडत नाही. असं दुखणं त्याने माणसातही पाहिलं नव्हतं. रात्री जेवताना त्याने भातावर कालवण वाढून घेतलं आणि वरून ताकही ओतलं. रंभाने ताकाचं भांडं उचलून आत नेलं.

बुधवारी सकाळी वसईहून जेम्स मिस्त्री मोटारसायकलवर शत्रुघ्नच्या घरी आला. पन्नाशीचा, गळ्यात काळ्या दोऱ्याचा क्रूस, तोंडाने फटकळ. ट्रॅक्टरच्या पोटात हात घातल्याशिवाय तो कोणाशी बोलत नाही.

त्याने दोन्ही फिल्टर बदलले. टाकीतून पंपाकडे येणारी नळी काढून तोंडाने फुंकली. टाकीच्या तळाची जाळी धुतली. पंप खोलून बघितला. सगळं स्वच्छ. शेवटी झाकण उघडं ठेवून पाऊण तास इंजिन जोरात पळवलं. ते उचकलं म्हणून नाही.

"हा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा तब्येतीने बरा आहे," जेम्सने हात पुसत निकाल दिला. "चल, मी बसतो मडगार्डवर. बघू तुझा शिपाई मला कसा अडवतो."

पायथ्याशी ट्रॉली भरली तशी रंभाही जेवणाचा डबा घेऊन तिच्यावर मातीच्या ढिगात बसली. शत्रुघ्नने काडी घालून डिझेल पाहिलं, झाकण आवळलं आणि निघाला. चौकी आली. दोन उचक्या. बंद.

जेम्सने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत कपाळ, छाती आणि दोन्ही खांदे शिवले. कृष्णाबाई तिथेच बसलेली. तिने ते बरोबर टिपलं.

"का रं जेम्सा, आता तुज्या देवाला बोलावलास?"

"काकी, आपला देव, तुझा नारळ, जो येईल तो येऊ दे," जेम्स म्हणाला. "मला काही कळत नाहीये. तीस वर्षांत असं झालं नाही."

शत्रुघ्न उतरला.  उद्या दुपारी उधाण, आणि मिस्त्रीच म्हणतो कळत नाही. हाताला लागलेल्या सवयीने त्याने काडी घेतली आणि झाकण फिरवलं. झाकण घट्ट बसलेलं, फिरेना. जोर लावला तसं ते निसटलं आणि 'सुस्स' असा आवाज झाला.

"अवो," रंभा वरून म्हणाली, "यो आवाज कसला?"

"झाकनाचा."

"रोज येतो?"

"चौकीपाशी येतो. घरी उघडला तर नाय येत." एवढं म्हणून तो स्वतःच थबकला. पण पुढे काय विचार करायचा ते त्याला कळेना.

रंभा मातीच्या ढिगावरून घसरत खाली आली. "तेलाचा पत्र्याचा डबा फोरतो तवा आपन दोन भोका कशाला पारतो?"

"एकातनं तेल येतं, दुसरं वाऱ्याला."

"एकच पारला तर?"

"तर तेल येत नाय. थोरा येतं, गुटुक गुटुक करतं, नि मग…"

तो बोलता बोलता थांबला. जेम्सने त्याच्या हातातलं झाकण हिसकावून घेतलं. उन्हाकडे धरलं. बाहेरून बघितलं, आतून बघितलं, नखाने खरवडलं. मधोमध, वाटाण्याएवढ्या काळ्या गाठीखाली, एक बारीक भोक बुजलेलं होतं.

"हे डांबर कोणी भरलं?"

 रंभाने नवऱ्याकडे पाहिलं. तिला अख्खा प्रकार एका क्षणात कळला; इतकी वर्षं संसार केला होता तिने. शत्रुघ्न पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"तूच बोललास मागं," तो शेवटी म्हणाला. "टाकीत पानी शिरलाय बोललास. मी शोधला, कुठनं शिरला. झाकनाला भोक दिसला. शिमग्यानंतर होडीला डांबर लावत होतो, तवा…"

"तवा याला पण लावलंस!" जेम्स ओरडला. "अरे, ते भोक मुद्दाम ठेवतात! डिझेल खाली जातं तसा वरून वारा आत जायला नको? वारा नाही मिळाला की टाकी डिझेल धरून ठेवते. पायथ्यापासून इथवर ओझं ओढत येईस्तोवर तुझी टाकी कोंडते. दुसऱ्या वाटेने गेलास तर तेवढंच अंतर झालं की कोंडते. रिकामा येतो तेव्हा डिझेल कमी पितो, म्हणून नाही कोंडत. आणि तू प्रत्येक वेळी काडी घालायला झाकण उघडतोस! वारा आत जातो आणि ट्रॅक्टर चालू. नारळ नाही, रॉकेल नाही, माझा फिल्टरपण नाही! घराशी मी झाकण उघडं ठेवून पळवला, म्हणून मलाही दिसलं नाही."

शत्रुघ्नच्या डोळ्यांत समजल्याचं काही दिसत नव्हतं. "म्हंजे भोक असलेलाच बरा?"

"याला असलेलंच बरं."

"नि पानी?"

"पाण्यासाठी पावसात वर फडकं टाक. भोक बुजवू नकोस."

"भोक बुजवू नको," शत्रुघ्न पुटपुटला. पन्नास वर्षांत त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. ऐकायला शिवी दिल्यासारखं वाटत होतं.

रंभा घरी जाऊन स्टोव्हची पिन घेऊन आली. जेम्सने डांबर खरवडून भोकात पिन घातली, तीन-चारदा फिरवली, झाकण ओठाला लावून फुंकलं. आरपार गेलं.

त्या दुपारपासून ट्रॅक्टर अडला नाही. म्हणजे एकदा अडला. पुढच्या खेपेला चौकीसमोर शत्रुघ्नने स्वतःच क्लच दाबला, गाडी थांबवली, उतरला, काडी हातात घेतली, आणि इंजिन धडधडतंय हे ऐकून गोंधळून उभा राहिला. "चाल ना मेल्या!" असं कृष्णाबाई ओरडली तेव्हा तो पुन्हा चढला. बुधवारी अंधार पडेपर्यंत सात खेपा झाल्या. डांबराची गोष्ट कोणाला सांगायची नाही, असं रंभाने जेम्सकडून वचन घेतलं. जेम्सने ते पाळलं. वसईला पोहोचेपर्यंत पाळलं. कृष्णाबाईला वेगळं सांगायची गरजच पडली नाही. तिच्या हिशेबी शिपायाला मंगळवारचा नारळ उशिरा पोहोचला होता.

गुरुवारी पहाटेपासून सगळा पाडा बांधावर. ट्रॉली येऊन रिकामी व्हायची, बायका घमेल्यांनी माती खांडीत ओढायच्या, पुरुष पायांनी तुडवायचे. शांतारामभाऊ अर्ध्या चड्डीत चिखलात उतरले. त्या दिवशी कोणी एकमेकांकडे बघितलं नाही. अकरा वाजता खाडीचं पाणी बांधाकडे चढताना दिसायला लागलं. साडेअकराला ते नव्या भरावाच्या पायाशी आलं, मातीचा बुडबुडा सुटला, आणि शत्रुघ्न शेवटच्या खेपेला गेलेला. लांबून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. चौकीजवळ तो आवाज बारीक झाल्यासारखा वाटला आणि बांधावरच्या सगळ्यांचे हात थांबले. पण वारा फिरला होता तेवढंच. आवाज पुन्हा मोठा झाला.

ती माती खाली पडली तेव्हा पाणी गुडघाभर वर आलेलं होतं. भराव ओला झाला, एका कडेला खचला, बायकांनी वरून गोणी लोटल्या, आणि बसला. मग करण्यासारखं काही राहिलं नाही. सगळे बांधाच्या आतल्या अंगाला उभे राहून बाहेर वाढणारं पाणी बघत राहिले. साडेबाराला ते माथ्यापासून दोन वितींवर होतं. एकला एका वितीवर.

"अवो, जेवून घ्या," रंभाने डबा पुढे केला.

"थांब."

"सकालपासनं काय नाय पोटात."

"थांब बोललो ना."

तो नव्या मातीवर पालथा झोपला होता. कान लावून. आत कुठे पाणी चाललंय का ते ऐकत. मघापासून त्याला एकच प्रश्न छळत होता, आणि तो विचारायला जेम्सही तिथे नव्हता. आपण जन्मभर बुजवली त्यातली आणखी किती भोकं मुद्दाम ठेवलेली होती? बेसिनचं एक होतं हे आता आताच त्याच्या लक्षात येत होतं. बाकीची?

कानाखाली माती गप्प होती. त्याने मान वर केली. पाण्यावर कचऱ्याची एक पट्टी तरंगत होती, पेंढ्याच्या काड्या आणि फेस. ती बांधाला चिकटून जागच्या जागी हलत होती. हलता हलता तिने बांध सोडला आणि हातभर दूर, खाडीच्या तोंडाकडे सरकली.

"लागली ओहोटी," शत्रुघ्न म्हणाला आणि उठून बसला. "कालवन काय हाय?"